सॉफ्टवेअर आले, पण दोष कमी का होत नाहीत?

आपण विचारले आहे की, सुट्या भागांच्या कारखान्यात सेन्सर, डॅशबोर्ड आणि संगणकीय नोंदी सुरू करूनही ग्राहकाकडून परत येणारा माल कमी होत नाही, तर दोष सॉफ्टवेअरचा मानायचा की माणसांचा. गुणवत्ता विभागात काम करताना माझे मत असे झाले आहे की, जिथे वाईट आकडा नोंदवणाऱ्यालाच आधी जाब विचारला जातो, तिथे खरा आकडा सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचतच नाही.

याची खूण आपल्याच नोंदींत सापडेल. एखाद्या महत्त्वाच्या मापाच्या काही महिन्यांच्या रीडिंगचा हिस्टोग्राम, म्हणजे कोणते माप किती वेळा आले याचा आलेख, काढून पाहा. प्रक्रियेतील नैसर्गिक चढउतार टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, रेषेपाशी येऊन अचानक थांबत नाही. त्यामुळे रेषेच्या आत रीडिंगची गर्दी आणि बाहेर एकही बिंदू नाही असे चित्र दिसले, आणि माल आधीच निवडून वेगळा केला जात नसेल, तर आकडे मुद्दाम मर्यादेत बसवले जात आहेत असे समजावे. गेज (माप घेण्याचे उपकरण) थेट संगणकाला जोडल्याने हा प्रश्न पुरता सुटत नाही, कारण यंत्रणा फक्त शेवटचे रीडिंग जतन करत असेल तर माप बसेपर्यंत तोच भाग पुन्हा पुन्हा मोजता येतो. मशीन थांबण्याच्या कारणांत ‘इतर’चे प्रमाण किती आहे, तेही तपासावे. खरे कारण निवडले की प्रॉडक्शन आणि मेंटेनन्सच्या वादात आपले नाव ओढले जाईल, ही भीती मी ऑपरेटरांमध्ये पाहिली आहे आणि ती अनाठायी नसते.

जपानच्या कोबे स्टीलचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. ग्राहकाने ठरवलेल्या निकषांत न बसणारा ॲल्युमिनियम आणि तांब्याचा माल, तपासणीचे आकडे बदलून पाठवला गेल्याचे या कंपनीने ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केले. असा माल मिळालेल्या ग्राहकांची संख्या पुढे पाचशेच्या वर गेली. उपाय म्हणून चाचणीची नोंद माणसाचा हात न लागता व्हावी असे ठरले, आणि ते योग्यच होते. मात्र मार्च २०१८ च्या अहवालात कंपनीने स्वतःच नफ्यावर अतिरेकी भर देणारी व्यवस्थापनाची पद्धत हे एक मूळ कारण मानले, आणि ते कोणत्याही सेन्सरने दूर होणारे नव्हते.

याउलट, जनरल मोटर्सचा अमेरिकेतील फ्रीमाँट येथील बंद पडलेला कारखाना टोयोटाबरोबरच्या भागीदारीत १९८४ मध्ये पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामगार बहुतांशी जुनेच होते, तरी गुणवत्ता झपाट्याने सुधारली. दोष दिसताच कामगाराने मदतीचा इशारा देणारी दोरी ओढायची आणि टीम लीडरने तत्काळ मदतीला यायचे, ही तिथली रीत होती.

म्हणून सॉफ्टवेअरचे नवे मॉड्यूल घेण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक रीडिंग वेळेसह जतन होईल अशी व्यवस्था करावी, आणि रिजेक्शनच्या (नाकारलेल्या मालाच्या) आकड्याचा ऑपरेटरच्या इन्सेन्टिव्हशी असलेला संबंध तोडावा. त्यानंतर काही काळ रिजेक्शन वाढलेले दिसेल. त्या काळात सकाळच्या बैठकीत प्लांट हेडने माणसाचे नाव न विचारता मशीन, शिफ्ट आणि लॉट विचारावा, आणि ज्याने दोष नोंदवला त्याला त्यावर काय केले हे त्याच शिफ्टमध्ये कळवावे.