लोथ शब्दापासून सुरुवात करतोयस? मग हे आधी वाच

अरे शब्दांचा इतिहास शोधायला इंग्रजीतला 'लोथ' (loath, म्हणजे नाखूश, मन तयार नसलेला) एकदम बेस्ट आहे, फक्त सुरुवातीच्या चुका टाळ.

१. लोथ आणि लोद (loathe) यांची गल्लत करू नकोस. लोद हे क्रियापद, म्हणजे तिरस्कार करणे. मूळ एकच, पण आज अर्थ वेगळे, इंग्रजी पेपरवालेसुद्धा इथे सर्रास आपटतात.

२. आजचा अर्थ हजार वर्षं मागे नेऊ नकोस. जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण 'लाथ' असा बोलायचे आणि अर्थ होता द्वेष वाटावा असा, वैरी. आणि हो, आपल्या लाथेशी काडीचा संबंध नाही, नुसता आवाज जुळला म्हणून नातं लावायचं नाही, मी पहिल्या वर्षी असली बरीच लग्नं लावलीत 😄

३. अर्थ का फिरला ते वाक्यात बघ, डिक्शनरीतल्या एका ओळीत नाही. तेव्हा म्हणायचे 'मला ते लाथ आहे', म्हणजे अगदी आपलं 'मला ते नकोसं आहे'. तिथे नकोशी होती ती गोष्ट. पुढे त्या 'मला'चा 'मी' झाला आणि शब्द गोष्टीवरून उडी मारून माणसाला चिकटला, द्वेष गेला नि नाखुशी उरली.

भावंडंही बघून ठेव, जर्मनमध्ये सॉरी म्हणताना जो 'लाइट' येतो तो हाच, आणि फ्रेंचमधला 'ले' म्हणजे कुरूप, तोही जर्मानिक (इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातल्या) बोलीतूनच तिकडे गेलेला.

ध्वनिबदलाचे नियम वगैरे आत्ता अजिबात उघडू नकोस, आधी असे चार-पाच शब्द हाताखालून जाऊ देत.