वाचक विचारतात : जुन्या जाहिरातींतली ती हसरी गृहिणी

प्रश्न : आजीच्या ट्रंकेत ‘स्त्री’ मासिकाचे काही सुटे अंक सापडले. मुखपृष्ठं गेली आहेत. साबणाच्या नि वनस्पती तुपाच्या जाहिरातींवरून साल काढता येईल का? (वाचक, सातारा)

उत्तर : येईल, पण आधी चित्राकडे पाहू नका, किमतीकडे पाहा. ‘रु. १-४-०’ म्हणजे एक रुपया, चार आणे, शून्य पै. अशी किंमत असेल तर जाहिरात बहुधा १९५७ च्या आधीची. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. ‘न. पै.’ (नवे पैसे) छापलेलं असेल तर ती त्यानंतरची आणि साधारण १९६४ पर्यंतची, कारण त्या वर्षी जूनमध्ये पैशामागचा ‘नवा’ गेला. किंमत नसेल तर वजन पाहा. रत्तली (पौंडाचा) डबा जुना, किलोचा नंतरचा. तेही नसेल तर पत्ता. ‘मुंबई २८’ असेल तर पिनकोडच्या, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा. ‘मुंबई ४०० ०२८’ त्यानंतरचा. कंपनीचं नावही कामी येतं : ‘लिव्हर ब्रदर्स (इंडिया)’ची ‘हिंदुस्तान लिव्हर’ झाली १९५६ मध्ये.

दोन ठिकाणी फसगत होते. कोपऱ्यात बारीक टायपात आकडे-अक्षरं दिसली तर तो जाहिरात एजन्सीचा कामाचा क्रमांक असू शकतो. त्यातला ‘५२’ म्हणजे साल असं समजू नका. दुसरं, एकच ब्लॉक, म्हणजे चित्राचा छपाईचा ठसा, वर्षानुवर्षं वापरत. त्यामुळे चित्रातल्या साडी-केशभूषेवरून काढलेलं साल ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतं. अंक बांधीव असतील तर आणखी एक अडचण : बाइंडर जाहिरातींची पानं बरेचदा काढून टाकत.

प्रश्न : प्रकल्पासाठी या जाहिरातींतल्या स्त्रीचा अभ्यास करते आहे. सगळीकडे एकच इस्त्रीची साडी, एकच हसू. यापलीकडे काय लिहू? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : हसू सोडा, हात पाहा. कपडे धुण्याच्या जाहिरातीतल्या बाईचे हात बहुतेक कोरडे असतात. धुणं झालेलं असतं. ती घडी घातलेला पांढरा सदरा धरून उभी असते, किंवा नवरा तो घालून कचेरीला निघालेला असतो. दगड, धोपटणं, पिळा, निळीचं पाणी यांपैकी काही नाही. आणि ज्या घरात असा सदरा घातला जाई, तिथे धुणं बरेचदा मोलकरणीकडे किंवा धोब्याकडे असे. ती माणसं चित्रात क्वचितच दिसतात. माझ्या मते प्रकल्पाचा खरा विषय ही गैरहजेरी आहे.

प्रत्येक जाहिरातीसाठी चार रकाने करा : बाई काय करते आहे, मजकूर कोणाला उद्देशून आहे, पैसे कोण देतं, चित्रात कोण नाही. दुसरा रकाना सर्वात बोलका. प्रेस्टिज कुकरचं जुनं घोषवाक्य घ्या : ‘जो बीवी से करे प्यार, वो प्रेस्टिज से कैसे करे इनकार’. कुकर लावणार बायको, पण वाक्य नवऱ्याशी बोलतं. ती त्यात तृतीयपुरुषी आहे. शेजारी ललिताजीला ठेवा. स्वस्त निरमाने बाजार खाल्ल्यावर सर्फच्या टीव्ही जाहिरातीसाठी लिंटास या जाहिरात एजन्सीच्या अलीक पदमसी यांनी ती ऐंशीच्या दशकात उभी केली, भूमिका कविता चौधरींची. तिला पडद्याबाहेरचा पुरुषी आवाज जाब विचारतो आणि ती हिशेब मांडते : अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर. इथे बाई कर्ता आहे, पैसे मोजते, वाद घालते. तरी धुणं तिचंच, याबद्दल कोणाला शंका नाही. दोन्ही वाक्यं रकान्यांत भरून पाहा, फरक आपोआप दिसेल.

लक्सचा खाना मात्र वेगळा ठेवा. लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत आल्या, तेव्हा विकलं जात होतं ते नटीचं रूप. घरकाम नव्हे.

नमुना एकाच मासिकाचा घ्या, दर दशकाच्या किमान तीसेक जाहिराती. दोन मासिकं मिसळलीत तर काळ बदलला की वाचकवर्ग, हे कळणार नाही. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी, नवऱ्याच्या मांडीवर पालथी पडून मार खाणारी गोरी बायको अमेरिकन कॉफीच्या जाहिरातीतली आहे. तिला मराठी निष्कर्षात ओढू नका.

प्रश्न : अशी पानं लॅमिनेट करून भिंतीवर लावावीत का? (वाचक, ठाणे)

उत्तर : लॅमिनेट नको, सेलोटेप तर मुळीच नको. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. स्वस्त कागदात आधीच आम्ल असतं, म्हणून तो उन्हात भराभर तपकिरी होतो. आधी ६०० डीपीआयला स्कॅन करा, भिंतीवर त्याची प्रिंट लावा. मूळ पान पीव्हीसीच्या नव्हे, पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून, कपाटात आडवं ठेवा. पावसाळ्याआधी आणि नंतर कसर लागली का ते पाहा. घडीवर फाटलेलं पान उघडताना ओढू नका. जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीने मागून जोडून घ्या.