लिंगनिश्चितीचं जनुक शोधणारे पीटर कूपमन लसिकावाहिन्यांकडे, म्हणजे ऊतींमधला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांकडे, कसे वळले?

दोन्हींना जोडणारा धागा एकच: सॉक्स जनुकांचं कुटुंब.

१९९० मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे लिंग ठरवणारं जनुक शोधलं. त्या चमूत कूपमन होते. १९९१ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर या जनुकाचा जेमतेम १४ किलोबेसचा, म्हणजे १४ हजार अक्षरांचा, डीएनए तुकडा उंदराच्या भ्रूणांत घातला. त्यांतल्या एका एक्सएक्स, म्हणजे एरवी मादी झाली असती अशा उंदरात वृषणं तयार झाली! पुरावा यापेक्षा स्पष्ट काय असणार? हे जनुक सॉक्स ९ या दुसऱ्या जनुकाला जागं करतं आणि वृषणं घडवणारी पुढची साखळी सुरू होते.

एसआरवायसारखी रचना असलेली जनुकं म्हणजे सॉक्स. त्यांचा माग काढताना ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँड विद्यापीठात, त्यांचा गट सॉक्स १८ पाशी पोचला. ते बिघडलेल्या उंदरांचे केस विरळ होते आणि अंगात द्रव साचायचा. २००८ मध्ये उलगडा झाला: भ्रूणाच्या शिरेतल्या काही पेशींत सॉक्स १८ हे प्रॉक्स १ या जनुकाला चालू करतं आणि त्या पेशींपासून लसिकावाहिन्या बनतात. माणसातही सॉक्स १८ बिघडलं तर पाय सुजतात, केस गळतात. (आपल्याकडचा हत्तीपाय वेगळा, तो डासांतून येणाऱ्या जंतांमुळे होतो.)

सोलापुरात मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. वाय वडिलांकडूनच येतो, हे मुलं परीक्षेत बिनचूक लिहितात. तरी मुलगी झाली की बोल सुनेलाच! म्हणून हा १९९१ चा प्रयोग मी दरवर्षी सांगते, आणि घरी आजीलाही सांगा म्हणते.