मला नीट प्रार्थना करता येत नाही

प्रश्न : आमच्या प्रार्थनासभेत काहीजण इतकी भारी प्रार्थना करतात की माझी पाळी आली की घशाला कोरडच पडते. माझं देव ऐकत असेल का? – एक भगिनी, सोलापूर

उत्तर : अहो ताई, ऐकतो की! बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातला जकातदार (कर गोळा करणारा) बघा, लांबच उभा, वर बघायचीपण हिंमत नाही, ऊर बडवत एवढंच म्हणाला की देवा, मज पाप्यावर दया कर, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो तोच, आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणून सांगणारा परूशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला) नाही. (भाषण ठोकणारे आपल्याकडेपण आहेत, असो.) येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतपण भाकर मागायची ती आजचीच, आपल्या कडक भाकरीसारखा साठा करून ठेवायची सोय नाही, उद्या परत हात पसरायचाच. पाळी आली की दोन वाक्यं बोला आणि आमेन म्हणा, घड्याळ लावून कुणी बसलेलं नाही.