कळंगूटच्या किनाऱ्यावर दिवसभर जायचंय, सनस्क्रीन एसपीएफ ३० चं पुरेल की ५० चं घेऊ?

३० चालेल, पण पुरेसं लावलंत तरच. त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी ३० सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८. हे आकडे मात्र दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन मोजलेले असतात. आपण वाटाण्याएवढं घेतो आणि चेहराभर पुसतो, म्हणून ५० लावूनही नाक सोलतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ काढा. तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. कान, मानेची मागची बाजू आणि चपलेच्या पट्ट्यांमधली पावलं हमखास राहून जातात.

काळवंडणं आणि सुरकुत्या मुख्यतः यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या किरणांमुळे, त्यासाठी ट्यूबवर पीए+++ किंवा ++++ बघा; जितके + जास्त, तितकं यूव्हीएपासून संरक्षण जास्त.

बाहेर पडायच्या १५ मिनिटं आधी लावा, मग दर २ तासांनी. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे पाण्यात ४० किंवा ८० मिनिटं, तेवढंच. दर्यातून येऊन टॉवेलने अंग पुसलंत की थर निघाला, लगेच परत लावा. इथल्या दमट हवेत घामानेही तेच होतं. सकाळी ११ ते दुपारी ४ शक्यतो माडाखाली बसा, आणि तिथेही लावाच, कारण वाळूवरून किरणं उलटून येतात.