हळदीच्या कॅप्सूल आणि क्रोन्स

प्रश्न : माझ्या मुलाला (वय 28) क्रोन्स (आतड्यांना सूज आणणारा जुनाट आजार) आहे. उन्हाळ्यात ऑपरेशन करून लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला. आता पोट अगदी शांत आहे. म्हणून अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी) सोडून, माझ्या दिरांनी आणलेल्या हळदीच्या कॅप्सूल (मिरीचा अर्क घातलेल्या) घेऊ म्हणतो. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय तर होणार नाही’ असं घरात सगळ्यांचं मत. सिगारेट अधूनमधून चालू असते. काय करावं?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, गोळी बंद करू देऊ नका. क्रोन्समध्ये आतडं जिथे जोडलेलं असतं, तिथेच आजार बहुधा पुन्हा डोकं वर काढतो, आणि सुरुवातीला पोट दुखतही नाही. म्हणून ऑपरेशननंतर सहाव्या महिन्याच्या आसपास कोलोनोस्कोपी करून, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून, ती जागा बघायची असते. पोट शांत आहे म्हणून तपासणी टाळणारे पेशंट मी पुष्कळ पाहिले.

हळदीचं म्हणाल तर नेमक्या याच प्रश्नावर फ्रान्समध्ये अभ्यास झाला, 2020 मध्ये तो छापून आला. ऑपरेशन झालेल्या 62 पेशंटना अझाथायोप्रिन दिलंच; शिवाय निम्म्यांना रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक), निम्म्यांना नुसती खोटी गोळी. सहा महिन्यांनी आजार परतण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. उलट जोराने परतलेला आजार कर्क्युमिनवाल्यांत 55 टक्के होता, दुसऱ्या गटात 26. पेशंट थोडे होते, त्यामुळे हळदीनेच बिघडलं असं मी म्हणणार नाही. पण राखण केली नाही, एवढं नक्की.

दिरांनी कदाचित जपानमधल्या अभ्यासाबद्दल ऐकलं असेल. तिथे कर्क्युमिनचा फायदा दिसला होता, पण तो अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारात, तोही सल्फासालाझिन किंवा मेसालामिन या त्यावरच्या औषधांच्या जोडीला आणि ऑपरेशन न झालेल्यांत. आजार वेगळा, ताई.

मिरीच्या अर्काने कर्क्युमिन रक्तात जास्त शिरतं, आणि अशा कॅप्सूलमुळे लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत. अझाथायोप्रिनसुद्धा लिव्हरला त्रास देऊ शकतं. उद्या रिपोर्ट बिघडला तर दोष कोणाचा, हे तुमच्या डॉक्टरांनी ओळखायचं कसं? बाटली पुढच्या भेटीला घेऊन जा. आमटी-भाजीतल्या हळदीला माझी काही हरकत नाही.

आणि सिगारेट. तुम्ही ती शेवटच्या ओळीत लिहिलीत, मी पहिल्या ओळीत लिहिली असती. ओढणाऱ्यांत ऑपरेशननंतर आजार परतण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. दिरांना खरंच मदत करायची असेल, तर ती सोडवायला त्याच्या मागे लागू द्या.