विहिरीपर्यंतच्या तारेचा रोध

प्रश्न : मीटरपासून २०० मीटरवर असलेल्या विहिरीवरील सिंगल फेज मोटारीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली आहे. सूत्राने रोध जवळजवळ शून्य येतो. मग मोटारीला व्होल्टेज कमी का मिळते?
– एक शेतकरी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : सूत्र बरोबर आहे, एककांची मात्र सरमिसळ झाली आहे. रोध म्हणजे रोधकता (त्या धातूचा विजेला अडवण्याचा गुण) गुणिले लांबी, भागिले काटछेदाचे, म्हणजे तार आडवी कापल्यावर दिसणाऱ्या तोंडाचे, क्षेत्रफळ. तांब्याची रोधकता २० अंश सेल्सिअसला ०.०००००००१७२ ओहम-मीटर असते आणि तिच्यासोबत क्षेत्रफळ चौरस मीटरमध्येच घ्यावे लागते. तेथे नुसते ४ लिहिले, की उत्तर दहा लाख पटींनी लहान येते. केबलवर चौरस मिलिमीटरच छापलेले असल्याने रोधकता ०.०१७२ ओहम-चौरस मिलिमीटर प्रति मीटर धरणे आम्हाला अधिक सोयीचे वाटते. मग ०.०१७२ × २०० ÷ ४ = ०.८६ ओहम. हा झाला एका तारेचा रोध. वीज जाण्या-येण्याच्या दोन्ही तारा मोजल्या, की तो १.७२ ओहम होतो, म्हणजे मोटारीने १० अँपिअर प्रवाह घेतला, तर सुमारे १७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तार ४५ अंशांवर गेली, तर रोध आणखी सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. स्वस्त म्हणून त्याच जाडीची ॲल्युमिनियमची केबल घेतल्यास तो दीडपटीहून अधिक भरेल.